एक न्यूट्रॉन जास्त

जगातल्या कुठल्याही खाणीतून काढलेला कोबाल्ट घ्या. त्याच्या प्रत्येक अणुकेंद्रकात २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन असतात, बेरीज ५९. हे केंद्रक पूर्ण स्थिर आहे, कोट्यवधी वर्षं ठेवलं तरी त्यात काही बदल होत नाही. पण त्यात फक्त एक न्यूट्रॉन जास्त घाला. आता ते कोबाल्ट-६० झालं, आणि त्याची शांतता संपली. अशा अस्वस्थ केंद्रकातून निघणाऱ्या गॅमा किरणांनी पिकांचे नवे वाण घडवण्याचं एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. महाराष्ट्रात त्या शास्त्राचा एक पाय मुंबईच्या ट्रॉम्ब्यात आहे, तर दुसरा अकोल्यात.

हा जास्तीचा न्यूट्रॉन आत जातो कसा? केंद्रकात शिरायला निघालेल्या प्रोटॉनला आधीचे प्रोटॉन जोरात मागे ढकलतात, कारण सगळे धनभारित. त्या विरोधावर मात करायला प्रचंड वेग लागतो. त्यासाठीच कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १.४ कोटी व्होल्टचा पेलेट्रॉन हा त्वरक उभारावा लागला. न्यूट्रॉनला भारच नाही, त्यामुळे त्याला कुणी अडवत नाही. उलट तो जितका मंद, तितका सापडायला सोपा. राजस्थानात रावतभाट्याच्या अणुभट्टीत युरेनियम फुटून सुटलेले न्यूट्रॉन जड पाण्यात टकरा खात मंदावतात, सेकंदाला साधारण दोन किलोमीटरपर्यंत खाली येतात. तिथे ठेवलेल्या कोबाल्टच्या कांड्यांमधली केंद्रकं त्यांना एकेक करून पकडतात.

पुढची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे तेवढ्या काळात त्यातली निम्मी केंद्रकं बदलतात. पण त्यातलं नेमकं कुठलं कधी बदलेल, हे कुणालाच सांगता येत नाही. वेळ आली की एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि कोबाल्टचं निकेल होतं. हे नवं निकेल ऊर्जेने भारलेलं असतं. ते दोन पायऱ्या उतरतं आणि प्रत्येक पायरीला एक गॅमा किरण सोडतं. दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मापात पहिला १.१७ चा, दुसरा १.३३ चा. दोन्ही पायऱ्या मिळून सेकंदाच्या लाख कोटी भागांपैकी चार-पाच भागच लागतात. पाच-पाच वर्षं स्वस्थ बसलेलं केंद्रक निघालं की असं निघतं!

हे किरण कोरड्या बियाण्यातून जातात तेव्हा वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात आणि कुठेतरी डीएनएची साखळी तुटते. पेशी ती सांधायला धावते. बहुतेक वेळा सांधा नीट बसतो, क्वचित चुकीचा बसतो, आणि त्या चुकीतून नवा गुण जन्मतो. माणसाच्या सर्व शरीराला ५ ग्रे एवढी मात्रा बसली तर उपचारांशिवाय तो बहुधा वाचत नाही. कोरडं बी काहीशे ग्रे सोसून रुजतं. पहिल्या पिढीत बहुतेक बदल झाकलेलेच राहतात, दुसऱ्या पिढीत ते वर येतात. मग हजारो रोपांच्या तासांतून एकेक झाड निरखत फिरायचं. एखादं बुटकं, एखादं गर्द हिरव्या पानाचं, एखादं टपोऱ्या दाण्याचं. किरण फक्त फरक पाडतात. त्यातून निवड करते ती पैदासकाराची नजर, आणि या कामातली खरी तपश्चर्या मला तिथेच दिसते.

ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हे काम फार पूर्वी सुरू झालं. भुईमुगाची सुरुवात क्ष-किरणांनी झाली. १९६० च्या दशकात एस. एच. पाटील यांनी ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या वाणातून नवी रूपं मिळवली. पण मुंबईत मिळालेलं झाड काळ्या कसदार जमिनीत, मृगाच्या लहरीवर, कपाशीच्या शेजारी कसं वाढेल, हे ट्रॉम्ब्यात बसून कळत नाही. ते काम अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हाती घेतलं. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला नाव आहे ते अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या पंजाबरावांचं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्ब्यात ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, तेव्हा देशाचे कृषिमंत्री तेच होते.

दोन्ही संस्थांच्या गावांची आद्याक्षरं वाणांवर उमटली. १९८५ चा टीएयू-१ हा उडीद म्हणजे ट्रॉम्बे-अकोला-उडीद. किरणांतून मिळालेल्या झाडाचा टी-९ या जुन्या वाणाशी संकर करून तो घडवला, आणि तो महाराष्ट्रभर पसरला. भुरी रोगाला दाद न देणारे मुगाचे टीएआरएम वाण आले. तुरीचा टीएटी-१० आला. भुईमुगाचा टीएजी-२४, बुटका आणि लवकर हाती येणारा, तर महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून कितीतरी राज्यांत गेला.

मग असं धान्य किरणोत्सारी नसतं का? नसतं, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. धान्य किरणोत्सारी व्हायचं तर त्यातली केंद्रकंच बदलायला हवीत. केंद्रकातून एक न्यूट्रॉन उखडायला साधारणपणे ८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. निसर्गातल्या स्थिर केंद्रकांत सगळ्यात सैल न्यूट्रॉन बेरिलियमचा, त्यालाही १.६७ हवेत. कोबाल्टच्या किरणाची धाव १.३३ वरच थांबते. बियाण्यातलं एकही केंद्रक तो फोडू शकत नाही. शिवाय शेतात पोहोचतं ते त्या किरण खाल्लेल्या बीचं कितव्या तरी पिढीचं वंशज असतं.

कोबाल्टला एकच न्यूट्रॉन जास्त झाला होता. न्यूट्रॉन घालतच गेलं तर? नेहमीच्या लिथियममध्ये ३ प्रोटॉन आणि ४ न्यूट्रॉन असतात. १९८५ मध्ये इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बर्कलीत ८ न्यूट्रॉनांच्या लिथियम-११ चा आकार मोजला, आणि तो अपेक्षेपेक्षा फारच मोठा निघाला. पुढे उलगडा झाला. त्यातले शेवटचे दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून दूर, पातळ धुक्यासारखे पसरलेले असतात. इतके दूर, की अवघ्या ११ कणांचं हे केंद्रक २०८ कणांच्या शिशाच्या तोडीचं होतं. त्याहून अजब म्हणजे, गाभा आणि एकच न्यूट्रॉन एकत्र टिकत नाहीत. दोन न्यूट्रॉन एकमेकांना धरून राहत नाहीत. तिघं असतील तरच टिकतात, तेही सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम ९ भागांपुरते.

एवढ्या अल्पायुषी केंद्रकांचा आपल्याशी काय संबंध? मिठातलं आयोडीन, गळ्यातलं सोनं हे बहुतांशी अशाच न्यूट्रॉनांनी ओथंबलेल्या केंद्रकांतून आलं. न्यूट्रॉनांचा मारा इतका प्रचंड, की केंद्रकाला बदलायला फुरसत मिळण्याआधीच पुढचा न्यूट्रॉन आत शिरतो. मारा ओसरला की सगळी केंद्रकं पायरीपायरीने स्थिर होतात. असा मारा होतो तो जवळपास न्यूट्रॉनांच्याच बनलेल्या ताऱ्यांच्या, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, टकरीत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर झालेली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर गुरुत्वीय लहरींमुळे कळली. मागोमाग दुर्बिणींना जो उजेड दिसला, तो याच नव्या केंद्रकांच्या क्षयाचा होता. त्याच उजेडात स्ट्रॉन्शियमची खूण सापडल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं.

अशाच गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी महाराष्ट्रातल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, चार-चार किलोमीटर लांब भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. टकरीचा निळसर उजेड काही दिवसांतच ओसरतो, म्हणून दुर्बिणींना दिशा लवकर आणि नेमकी सांगावी लागते. अमेरिका आणि युरोपातल्या वेधशाळांपासून इतक्या दूरवर आणखी एक वेधशाळा असली, की आकाशातली ती जागा कितीतरी अचूक काढता येते.