पडदा कोणी धरायचा?

मागच्या गणेशोत्सवात इथे स्लायगोत आम्ही चार-पाच घरांनी मिळून एका संगीत नाटकातला प्रवेश बसवला. पेटी-तबला नव्हता, म्हणून संगीत आधीच भरून आणले होते. आमच्यातल्या एका मुलाने घाबरून वाक्य भरभर संपवले. संगीत मात्र आपल्याच वेळेला सुरू झाले. मधले ते दहा-बारा सेकंद तो तसाच उभा. टाळ्या पडल्या, पेढेही वाटले गेले, पण घरी जाताना "पुढच्या वर्षी मी नाही" एवढेच तो म्हणाला. चूक त्याची नव्हती, आमची होती.

संगीत नाटकात साथीदार नटाच्या मागे जातो, नट साथीदाराच्या मागे नाही. ऑर्गनवाल्याचे डोळे नटाच्या चेहऱ्यावर असतात. तो थबकला तर सूर धरून ठेवायचा, तो घाईत असेल तर पुढे व्हायचे. भरून आणलेल्या संगीताला डोळे नसतात.

आता नेपथ्य. आपल्या मनात संगीत नाटक म्हटले की रंगवलेले महाल आणि मखमली पडदे येतात. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चुलतभावांनी रंगवलेल्या पडद्यांची त्या काळी केवढी ख्याती होती! मात्र त्या थाटाला तसेच ऐसपैस गाणे लागे. एक पद रंगले की कथानक खुशाल थांबून राही. पुढे १९६४ साली 'मत्स्यगंधा'ला संगीत देताना पं. जितेंद्र अभिषेकींनी पदे आटोपशीर केली, आणि गाणे प्रसंगाच्या बेताने चालू लागले.

खरी उडी पुण्यात १९७२ साली पडली. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल) नेपथ्य म्हणजे चक्क माणसे. ब्राह्मणांची एक रांग गात-डोलत उभी राहते. ती पाठ फिरवते तेव्हा भिंत होते आणि मागचे लपते. ती फुटते तेव्हा मागचे दिसते. कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये आणि भास्कर चंदावरकरांचे संगीत इथे वेगळे काढताच येत नाही, कारण भिंत हलते ती तालावरच. कीर्तन, अभंग, लावणी हे सारे त्यात आहे, आणि भजनाच्या सुरामागेच काय चालले आहे हे कळले की अंगावर काटा येतो. सुंदर संगीत इथे पाप झाकण्याचे काम करते. पडदाही तेच करतो.

गंमत म्हणजे ही युक्ती स्लायगोकरांना नवी नाही. आपल्या गावातल्या, १९८२ साली सुरू झालेल्या 'हॉक्स वेल' नाट्यगृहाचे नाव येट्सच्या 'अ‍ॅट द हॉक्स वेल' या नाटकावरून आले आहे. जपानी नो नाटकावरून स्फूर्ती घेऊन लिहिलेले हे नाटक १९१६ साली लंडनला एका घराच्या दिवाणखान्यात झाले. तिथे ना रंगमंच, ना देखावा. तीन वादक एक काळे कापड उलगडतात, त्यामागून विहिरीची राखणदार येऊन बसते, आणि कापडाची घडी होते तेव्हा ती दिसते. विहीर म्हणजे जमिनीवर निळ्या कापडाचा एक चौकोन! पात्रे ढोलाच्या ठोक्यांवर बाहुल्यांसारखी हलतात. मुखवटे, वेश आणि संगीत तिन्ही एडमंड ड्यूलॅक या एकाच माणसाचे. (आपल्याकडे लग्नात अंतरपाट धरणारे दोघे हेच तर करतात, आणि अक्षतांच्या वेळी भटजी घाई करू लागले की आपण किती चिडतो!)

तर यंदा भाड्याचे देखावे आणायचे नाहीत, असा माझा आग्रह आहे. हॉलला विंगा नाहीत, छताला पडदा टांगायची परवानगीही नाही. त्यापेक्षा दोन मोठी मुले नऊवारी धरून उभी राहतील. ती खाली आली की दरबार दिसेल. पेटी कोपऱ्यात न ठेवता समोर, नटांना दिसेल अशी ठेवायची. तबला आहे, पण वाजवणाऱ्या डॉक्टरांची रविवारी ड्यूटी असते, तेव्हा तालीम शनिवारी.

मागच्या वर्षी रुसलेल्या त्या मुलाला मी साडीचे एक टोक धरायला बोलावले आहे. गाणार नाही, पण पडदा कधी सोडायचा ते मीच ठरवणार, अशी त्याची अट आहे. मी मान्य केली. आता कोणाकडे गडद रंगाची, फार किमती नसलेली नऊवारी असेल तर शनिवारी घेऊन यावी.