मागे दिलेला पास पुढे का जातो?

कबड्डीत एका बाजूला सात खेळाडू, रग्बी सेव्हन्समध्येही सातच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना कबड्डी शिकवायला नको; पण जरा हिशेब मांडा. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 बाय 10 मीटर, म्हणजे माणशी जेमतेम 9 चौरस मीटर. रग्बीचे मैदान साधारण 100 बाय 70 मीटर. तिथे माणशी 500! म्हणून एक खेळ पकडीचा झाला, दुसरा पळण्याचा.

नियम थोडेच. सात-सात मिनिटांचे दोन डाव. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, 5 गुण. त्यानंतरची किक खांबांमधून आडव्या दांडीवरून गेली तर आणखी 2. पकडायचे ते फक्त चेंडू घेऊन पळणाऱ्याला आणि खांद्याच्या खालीच. पिवळे कार्ड मिळाले तर 2 मिनिटे बाहेर. सातातला एक गेला की उरलेल्या सहांची दमछाक ठरलेली.

खरी गंमत पासची. चेंडू हाताने पुढे द्यायचा नाही. बाजूला किंवा मागेच. तरी कित्येकदा तो मैदानावर पुढे सरकलेला दिसतो आणि प्रेक्षक ओरडतात. समजा, खेळाडू सेकंदाला 8 मीटर वेगाने धावतोय आणि त्याने 3 मीटर वेगाने चेंडू मागे टाकला. जमिनीच्या हिशेबाने चेंडू 5 मीटर वेगाने पुढेच जाणार. बल्लारशाहकडे धावणाऱ्या गाडीतून मागे फेकलेली बोराची बीसुद्धा आधी गाडीच्याच दिशेने जाते (फेकू नये, हा भाग वेगळा). म्हणून पंच चेंडू कुठे पडला ते बघत बसत नाही. पास देणाऱ्याचे हात कुठल्या दिशेने गेले ते बघतो. गॅलिलिओचा सापेक्ष गतीचा नियम इतक्या सरळपणे क्वचितच कुठल्या खेळात उतरला असेल.

हा खेळ 1883 मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोझ गावात सुरू झाला. 2016 ला तो ऑलिम्पिकमध्ये आला आणि पुरुषांचे पहिले सुवर्ण चिमुकल्या फिजीने नेले.

आपल्याकडची अडचण उन्हाची. चंद्रपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. हवा त्वचेपेक्षा तापली की ती उलट अंगालाच तापवते. मग शरीर थंड ठेवायला घाम वाळण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. त्यामुळे क्रीडाशिक्षकांनो, हिवाळ्यातल्या सकाळी सुरुवात करा, तीही पकडीविना, नुसत्या स्पर्शाने गडी थांबवण्याच्या ‘टच’ प्रकारापासून. त्याला एक चेंडू आणि मोकळे मैदान पुरते.