अकरावीला नाटक घेतले तर?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, सायन्स की कॉमर्स? त्यात एखादी मुलगी ‘मला नाटक शिकायचंय’ म्हणाली, तर सातपूर-अंबडच्या कारखान्यातून पाळी करून आलेल्या बापाच्या कपाळाला आठी पडते. ‘नाटकानं पोट भरणार का?’ असे आई विचारते. पालकहो, ही काळजी खोटी नाही. म्हणूनच या विषयाची नीट माहिती करून घेतली पाहिजे.

इंग्लंडमध्ये ए-लेव्हल ही आपल्या बारावीच्या तोडीची परीक्षा आहे. तेथे ‘नाटक आणि रंगभूमी’ हा विषय घेता येतो. ६० टक्के गुण प्रत्यक्ष कामाला आणि ४० टक्के लेखी परीक्षेला. मुलांनी मिळून नाटक रचायचे, तालमी करायच्या, प्रयोग सादर करायचा आणि काय केले, का केले, हे वहीत लिहायचे. अभिनय जमत नसेल तर प्रकाश, ध्वनी, नेपथ्य किंवा वेशभूषेचे काम करूनही गुण मिळवता येतात.

हे आपल्याला नवे वाटायला नको. १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती गावोगाव जलसे करीत होते. सत्यशोधक जलशांचा वारसा त्यांच्यामागे होता. कष्टकरी घरांतील ही माणसे संवाद पाठ करीत, सवाल-जवाब रचीत, ढोलकी वाजवीत. पुरुषच स्त्रीची भूमिका करीत. दारू सोडा, मुलांना शाळेत घाला, हा बाबासाहेबांचा विचार त्यांनी निरक्षर माणसापर्यंत पोचवला. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा कर्डक तर मोठेपणी मुंबईत लिहा-वाचायला शिकले. या लोकांना कोणत्या शाळेने नाटक शिकवले होते? जलसा हीच त्यांची शाळा आणि समोर बसलेला समाज हाच परीक्षक!

आज वाटा पुष्कळ आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटकाची पदवी घेता येते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झाले. तेथील तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो. म्हणजे नाटकासाठी कॉलेज सोडणारा मुलगा स्वतःचीच वाट बंद करतो, हे त्याला समजावून सांगा.

अकरावीच्या कॉलेजात हा विषय नसेल तरी अडून बसू नये. शासनाची बालनाट्य स्पर्धा, कॉलेजच्या एकांकिका, कामगार कल्याण मंडळाची नाट्यस्पर्धा येथे हात साफ होतो. नाशकात महाकवी कालिदास कलामंदिर आहे, परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर यांनी याच शहरात राहून नाटके लिहिली.

पोटाचा प्रश्न मात्र उरतोच. प्रत्येकजण नट होत नाही. परंतु प्रकाशयोजना, रंगभूषा, ध्वनी, नेपथ्य यांतही काम आहे. चार माणसांसमोर न अडखळता बोलणारी मुलगी शिक्षिका झाली, वकील झाली, तरी ते शिक्षण वाया जात नाही. यात मिळकत नियमित नसते, हेही मुलांपासून लपवू नये. जोडीला एखादे हमखास कौशल्य असू द्यावे.

फीची चिंता असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू आहेत. त्यासाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. आणि ‘नाही’ म्हणण्यापूर्वी एकदा मुलीची तालीम पाहायला जा. कोण शिकवतो, किती वाजता सुटते, सोबत कोण असते, हे विचारा. मागे बसून तासभर पाहा. मग घरी येऊन तिच्याशी बोला.