हिशेब जुळला, उत्तर चुकलं

पेशी अमिनो आम्लं एकापुढे एक जोडत प्रथिनं घडवते, हे आज शाळेच्या पुस्तकात असतं. १९५०च्या दशकात मात्र मोठा पेच होता. डीएनएची अक्षरं चार, अमिनो आम्लं वीस. मग चारांत विसांची नावं लिहायची कशी?

जॉर्ज गॅमो यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञही कागद-पेन्सिल घेऊन बसले. १९५७ मध्ये फ्रान्सिस क्रिक आणि सहकाऱ्यांनी सुचवलेला तोडगा तर भुरळ घालणारा होता. तीन अक्षरी शब्द ६४. एकच अक्षर तीनदा येणारे चार वगळायचे, उरलेल्या साठांचे तीन-तीनांचे गट करायचे आणि गटातला एकच शब्द अर्थाचा मानायचा. उत्तर बरोब्बर वीस!

निकाल लागला तो २७ मे १९६१च्या पहाटे, अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेत. हाइनरिश मथाई यांनी ई. कोलाय जिवाणू वाटून काढलेला रस नळीत घेतला, त्यात वीसही अमिनो आम्लं घातली आणि नुसत्या युरॅसिलचा, म्हणजे ‘यू’ या एकाच अक्षराचा, आरएनए सोडला. आम्लांपैकी फेनिलअलानिन तेवढं किरणोत्सारी होतं, आणि तयार झालेल्या प्रथिनात तेच ठासून भरलेलं निघालं. म्हणजे ‘यूयूयू’चा अर्थ फेनिलअलानिन. क्रिक यांच्या हिशेबात निरर्थक ठरलेल्या चारांपैकीच हा एक!

ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या परिषदेत मथाईंचे वरिष्ठ मार्शल नायरेनबर्ग यांनी हे सांगितलं, तेव्हा ऐकायला मोजकीच माणसं होती. क्रिक यांनीच त्यांना मोठ्या सभागृहात पुन्हा बोलायला लावलं. आपली मांडणी मोडणाऱ्याला असं व्यासपीठ मिळवून देणं, याचं मला फार अप्रूप वाटतं. या उकलीसाठी दिलेल्या १९६८च्या नोबेलमध्ये मथाईंचं नाव नाही, याची रुखरुखही तितकीच.

पुढची वर्षं घाम गाळण्याची. हरगोविंद खुराना विस्कॉन्सिनमध्ये हव्या त्या क्रमाचे रेणू जुळवत राहिले. १९६६पर्यंत तक्ता भरला: ६१ शब्द अमिनो आम्लांचे, तीन थांबण्याचे. ल्युसिनसारख्या एकट्या आम्लाला सहा शब्द! एकाला एक ही काटकसर निसर्गाने पाळलेलीच नाही. १९७९ मध्ये तर मानवी मायटोकाँड्रियात ‘यूजीए’ थांबायला न सांगता ट्रिप्टोफॅन मागतो, असं दिसलं.

जोडणी करणाऱ्या रायबोसोमची बारीक रचना २००० मध्ये हाती आली. अडा योनाथ त्याचे स्फटिक मिळवायला १९७०च्या दशकाअखेरीपासून झटत होत्या. २००९चं नोबेल त्यांना, थॉमस स्टाइट्झ आणि वेंकी रामकृष्णन यांना मिळालं. दोन अमिनो आम्लं जिथे सांधली जातात, त्या गाभ्यात काम करताना दिसला तो आरएनए. प्रथिनांच्या कारखान्यातलं मुख्य काम प्रथिनाकडे नव्हतंच.