एकसष्ट : दोन भराव, दोन क्रम

पानिपत शहरापासून थोड्या अंतरावर काला अंब आहे. ज्या आंब्याच्या झाडावरून हे नाव पडलं ते कधीच गेलं. आता तिथे लोखंडी कुंपणात विटांचा एक स्तंभ उभा आहे आणि दर संक्रांतीला महाराष्ट्रातून माणसं तिथे डोकं टेकवायला जातात. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत मराठ्यांचं काय बिनसलं याची चर्चा तिथे अजून रंगते. गोलाची लढाई, म्हणजे सगळं सैन्य एका गोलात बांधून सरकायचं, असं ठरलं होतं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पायदळ रोहिल्यांना मागे रेटत होतं, आणि आपल्याच घोडदळाने जागा सोडून पुढे मुसंडी मारली. तोफांच्या तोंडासमोर आपलीच माणसं आली. ठरलेला क्रम मोडला, असं जाणकार सांगतात.

१९६१ साली या लढाईला दोनशे वर्षं झाली. त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा मराठी ग्रंथ त्याच वर्षीचा. दुखवट्याचं वर्ष म्हणून ते सुरू झालं आणि सहा महिन्यांतच पानशेतचं धरण फुटून पुण्यावर कोसळलं. आकड्यांच्या या योगायोगाला मी फार किंमत देत नाही. पण पानशेतच्या बाबतीतही क्रमाचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर धरणापेक्षा कालव्यावरच्या होड्यांच्या रस्त्यात जास्त स्पष्ट सापडतं. म्हणून हा मागोवा थोडा वळसा घेऊन.

काला अंबचा मुलूख कालव्यांचा आहे. फिरोजशहा तुघलकाने काढलेला, शहाजहानच्या काळात अली मर्दानखानाने दुरुस्त केलेला आणि इंग्रजांनी पुन्हा वाहता केलेला पश्चिम यमुना कालवा याच पट्ट्यातून जातो. एकोणिसाव्या शतकात कालवा म्हणजे सिंचन आणि वाहतूक असा दुहेरी हिशोब असे. १८५४ च्या गंगा कालव्यावर इंजिनिअर कॉटलीने धबधब्यांच्या शेजारी लॉक बांधले. दिल्लीजवळ ओखल्याहून १८७४ साली निघालेल्या आग्रा कालव्यावर १९०४ पर्यंत नावा चालत. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली पाण्याची खोली. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी चढवायचं नाहीतर उतरवायचं, मग पुढचा उघडायचा. आतलं पाणी दिवसातून अनेकदा वरखाली होतं. भिंतीमागची माती मात्र तिथेच असते आणि सतत रेटत राहते. त्या काळच्या भिंती विटांच्या, चुन्याच्या आणि भरभक्कम जाडीच्या. चुना थोडं सहन करतो. सांधा उकलला तरी भिंत आपल्या वजनावर उभी राहते. काँक्रीट आलं, भिंती सडपातळ झाल्या, आणि मातीचा रेटा नेमका किती, हा प्रश्न तातडीचा झाला.

त्याचं पहिलं उत्तर जुनं आहे. पानिपत झालं तेव्हा शार्ल कुलोम हा पंचविशीतला फ्रेंच तरुण लष्करी इंजिनिअरिंग शिकत होता. पुढे मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना मातीच्या भिंतींशी त्याची गाठ पडली आणि १७७३ साली त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे निबंध वाचला. तो १७७६ साली छापून आला. भिंतीमागे मातीची एक पाचर कल्पायची, ती घसरू पाहते असं मानायचं आणि तिचा रेटा काढायचा. १८५७ साली इंजिनिअर रँकिनने हा विचार सूत्रात बसवला. आजही डिप्लोमाचा विद्यार्थी तेच सूत्र घोकतो. या विचारातली खरी मोलाची गोष्ट परीक्षेत हमखास निसटते. भिंत मातीपासून जराशी दूर सरकली तर रेटा कमी होतो. मातीत दाबली गेली तर कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे रेटा मातीच्या वजनाइतकाच भिंतीच्या हालचालीवर ठरतो.

हालचालीचा दुसरा धडा अमेरिकेतल्या आयोवाच्या शेतांतून आला. तिथे पाणथळ जमिनीचा निचरा करायला पुरलेल्या नळ्या फुटत होत्या. इंजिनिअर अॅन्सन मार्स्टनने १९१३ साली चरात पुरलेल्या नळ्यांवरच्या भाराचा हिशोब मांडला आणि पुढे तोच विचार भरावाखालच्या नळ्यांना लावला. भरावाखाली ताठ नळी असली की तिच्या बाजूची माती जास्त खचते आणि डोक्यावरची कमी. बाजूची माती खाली जाताना डोक्यावरच्या मातीलाही खाली ओढते. गर्दीत एकटाच ताठ उभा असलेल्या माणसाच्या खांद्यावर दोन्हीकडचे लोक रेलावेत, तसं. नळीवरचा भार तिच्या डोक्यावरच्या मातीच्या वजनापेक्षा जास्त होतो. माती जितकी सैल, जितकी घाईत भरलेली, तितका तो वाढतो.

हे सगळं ठाऊक असलेल्या काळात पानशेत बांधलं गेलं, हे लक्षात ठेवावं.

आंबी नदीवर पुण्याच्या नैर्ऋत्येला मातीचं धरण, मध्ये चिकणमातीचा गाभा, ज्याला साइटवर हार्टिंग म्हणतात, आणि दोन्ही बाजूंना जाड केसिंग, म्हणजे बाहेरचा भराव. उंची सुमारे ५१ मीटर. पाणी सोडायला धरणाच्या पोटातून आरपार जाणारी मोरी. इंजिनिअर तिला कंड्युट म्हणत. काम १९५७ साली सुरू झालं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा तो काळ परकीय चलनाच्या ओढाताणीचा होता आणि पोलाद मिळणं मुश्कील होतं. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली तीच १९५९ च्या फेब्रुवारीत. मोरीच्या कमानीत सळई घातली गेली नाही. साध्या काँक्रीटचे ठोकळे रचून ती केली.

नुसत्या ठोकळ्यांची कमान हा गुन्हा नव्हे. आपल्याकडचे जुने पूल तशाच कमानींवर उभे आहेत. साधं काँक्रीट दाब उत्तम झेलतं, ताण जवळपास मुळीच नाही. भार दोन्हीकडून सारखा आणि वरून खाली असेल, तर कमानीतला प्रत्येक ठोकळा शेजारच्याला दाबत राहतो आणि सांधे मिटलेले राहतात. भार एकीकडे झुकला की दाबाची रेषा कमानीच्या जाडीबाहेर सरकते. सांधा एका कडेला उघडतो, दुसऱ्या कडेला काँक्रीट चिरडतं. आणि आतून वर धक्का बसला तर ठोकळ्यांना एकत्र धरणारा दाबच नाहीसा होतो. सळई असती तर उघडणारा सांधा तिने आवळून धरला असता. सळईविना कमान जगायची असेल तर भार शांत आणि समतोल असावा लागतो.

१९६१ च्या पावसाळ्यात तिच्या वाट्याला नेमकं उलट आलं. धरणाचं काम अजून पुरतं आटोपलं नव्हतं. मोरीचे दरवाजे आणि ते उचलण्याची यंत्रणा नीट बसलेली नव्हती. तरी त्याच मोसमात पाणी अडवायला सुरुवात झाली. १८ जून ते १२ जुलै या काळात १७७८ मिलिमीटर पाऊस झाला. नव्या भरावाला हळूहळू बसायला जो वेळ लागतो तो मिळालाच नाही, आणि पाणी झपाट्याने चढत गेलं. नियंत्रण नसलेल्या मोरीतून पाणी कधी अर्धं, कधी काठोकाठ वाहत होतं, आणि त्या चढउतारात दाबाचे हिसके बसत होते. वरून ओली, खचू पाहणारी माती आणि खालून पाण्याचे ठोसे यांच्यामध्ये सळईविना रचलेली कमान सापडली.

पुढचं धरणमाथ्यावरून दिसलं. मोरीच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या आणि मधला पट्टा खाली बसू लागला. अडीच तासांत माथा १.४ मीटर खचला. पाण्याची पातळी आणि धरणाचा माथा यांत जेमतेम ०.६ मीटर अंतर उरलं. लष्कराचे जवान आले, रात्रभर वाळूच्या गोण्या रचत राहिले. त्यांनी मिळवून दिलेले तास अनेकांचे जीव वाचवणारे ठरले, कारण भिंत फुटली ती १२ जुलैच्या सकाळी, लोक जागे असताना. खालचं खडकवासल्याचं दगडी धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालेलं होतं. विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा बसले ते याच धरणावर. तेही त्या दिवशी गेलं. पुण्यात लकडी पूल पाण्याखाली होता आणि नदीकाठच्या पेठांमध्ये वाडेच्या वाडे बसले. शहराची नंतरची वाढ, पूरग्रस्तांसाठीचे निसन हट (पत्र्याच्या अर्धगोल खोल्या), गोखलेनगरसारख्या वसाहती हे सगळं सांगायला दुसरा लेख लागेल.

सरकारने आधी न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग नेमला. चौकशी चालू असतानाच त्यांचा मृत्यू झाला आणि काम न्यायमूर्ती नाईकांकडे गेलं. सांडवा अपुरा होता किंवा पाया कच्चा होता, अशी कारणं पुढच्या तांत्रिक विवेचनांत टिकली नाहीत. बोट गेलं ते मोरीकडे, तिच्या दरवाजांकडे आणि घाईकडे. ‘पोलाद नव्हतं’ हे उत्तर मला अर्धंच वाटतं. पोलाद नसताना कमान बांधता येते. दरवाजे नसताना पाणी अडवता येत नाही. चुकलं ते क्रमात.

त्याच १९६१ साली, लुइझियानात मिसिसिपीच्या काठी, बॅटन रूजसमोर पोर्ट अॅलन लॉक खुलं झालं. तळ आणि दोन्ही भिंती मिळून इंग्रजी यू अक्षरासारखं एकसंध काँक्रीटचं बांधकाम, गाळाच्या मऊ जमिनीवर. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी त्यात बांधतानाच उपकरणं पुरली होती : मातीचा दाब मोजणारी, भूजलाचा दाब मोजणारी, काँक्रीटमधला ताण मोजणारी. आलेले आकडे पुस्तकी सूत्रांशी जुळेनात. भिंत, तळ, भराव आणि पाणी मिळून वागत होती. सूत्र मात्र भिंत वेगळी आणि माती वेगळी धरून बसलं होतं.

हा गुंता सोडवला बर्कलीतल्या जे. मायकेल डंकन आणि जी. वेन क्लफ यांनी, १९६९ ते १९७१ च्या दरम्यान, संगणकावर. (हे क्लफ पुढे स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख झाले, मातीच्या माणसाने संग्रहालयं सांभाळावीत हे मला फार आवडतं.) त्यांच्या कामाचं मर्म यंत्राच्या ताकदीत नव्हतं. त्यांनी लॉक जसं बांधलं गेलं तसंच गणितात बांधलं : आधी खोदाई, खोदल्यावर हलकी होऊन वर उचललेली जमीन, मग टप्प्याटप्प्याने काँक्रीट, मग थराथराने मागचा भराव, मग पाणी. भिंत आणि माती यांच्यात घसरणारा सांधाही त्यांनी हिशोबात घेतला. एकदम सगळं उभं आहे असं धरलं की उत्तर चुकायचं. क्रम पाळला की मोजलेल्या आकड्यांच्या जवळ यायचं. भराव खचताना भिंतीच्या पाठीला धरून तिला खाली ओढतो, ही मार्स्टनची नळीवरची गोष्ट पुढे लॉकच्या भिंतींच्या हिशोबात पक्की बसली.

आता भरावाच्या पोटातून मोरी न्यायला अभियंते नाखूश असतात. शक्य तिथे ती कडेच्या खडकातून बोगद्याने नेतात, नाहीतर तिच्याभोवती वाळूची गाळणी ठेवतात. होड्यांचा रस्ताही विसरला गेलेला नाही : गंगेवर फरक्क्याला लॉक आहे आणि हल्दिया ते प्रयागराज हा पहिला राष्ट्रीय जलमार्ग १९८६ साली जाहीर झाला. २०१६ च्या कायद्याने दिल्लीपासून खालची यमुनाही त्या यादीत आली, म्हणजे काला अंबच्या थोड्या खालूनच. पानशेत पुन्हा बांधलं गेलं, ते आजचं तानाजी सागर, आणि पुण्याच्या नळाचं बरंचसं पाणी तिथून येतं.

तरी शिकलेलं सगळीकडे पोचलं असं नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळ तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना जबाबदार धरलं. राज्यभर हसं झालं, पण वीसहून जास्त माणसं गेली होती. २०२१ च्या डिसेंबरात संसदेने धरण सुरक्षा कायदा केला आणि मोठ्या धरणांवर मोजमापाची उपकरणं बसवणं मालकाची जबाबदारी ठरली.

उपकरणं बसवणाऱ्यांना एक अडचण चांगली माहीत आहे. मातीचा दाब मोजणारी चकती मातीपेक्षा ताठ असते. तीही भरावात पुरलेली एक छोटी नळीच. तिच्याभोवतीची माती जास्त खचली तर भार तिच्यावर गोळा होतो आणि ती खऱ्यापेक्षा मोठा आकडा दाखवते. म्हणून रोलर तिथून दूर ठेवतात, चकतीभोवती माती हाताने, पातळ थरांत घालतात, हातधुमसाने दाबतात, आणि भराव पुढे चालू करण्याआधी शून्याची नोंद घेऊन तारीख घालतात.