ओस पडलेला मठ झाला कलेचे मंदिर

जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेविअर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेण्यासाठी जाणारे भाविक बॉम जेझू बॅसिलिका आणि से कॅथेड्रल पाहून बहुधा परत फिरतात. तेथून थोड्याच अंतरावर, होली हिल या टेकडीवर, दोन प्राचीन वास्तू एकमेकींजवळ उभ्या आहेत. एकीचा केवळ अर्धा मनोरा उरला आहे. दुसरी आजही नांदती आहे. एकाच टेकडीवरील, एकाच ऑगस्टीनियन परंपरेतील या दोन वास्तूंच्या नशिबी इतके वेगळे भवितव्य का यावे? या प्रश्नाच्या उत्तरात आपणा सर्वांसाठी एक बोध दडलेला आहे.

मनोरा आहे तो संत ऑगस्टीन चर्चचा. पोर्तुगीज शासनाने संन्यस्त संघांवर बंदी घातल्यानंतर 1835 साली हे चर्च ओस पडले. 1842 साली त्याचे छत कोसळले आणि 1931 साली दर्शनी भाग व निम्मा मनोरा जमीनदोस्त झाला.

शेजारचा सांता मोनिका हा धर्मभगिनींचा मठ. गोव्याचे आर्चबिशप आलेशो दी मेनेझिस यांनी 1606 साली त्याची स्थापना केली आणि 1627 साली बांधकाम पूर्ण झाले. 1636 साली मठाला भीषण आग लागली. तो पुन्हा उभारण्यात आला. पुढे बंदीच्या काळात नव्या भगिनींना प्रवेश मिळेनासा झाला आणि 1885 साली शेवटच्या भगिनीचे निधन झाले. मात्र ही वास्तू कायमची रिकामी राहिली नाही. मध्यंतरी तेथे सैनिकांचा तळ होता आणि 1964 पासून तेथे ‘मातेर देई’ ही धर्मभगिनींची शिक्षणसंस्था सुरू झाली. माणसांचा वावर राहिला, म्हणून गळके छप्पर कुणाच्या तरी नजरेस पडत राहिले.

याच मठाच्या चर्चमध्ये 2002 साली ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आले. गोवा महाधर्मप्रांत, ‘इंटॅक’ ही वारसा जतन करणारी संस्था आणि पोर्तुगालचे गुलबेंकियन प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने हे संग्रहालय 1994 साली राशोल सेमिनरीत सुरू झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले, ते याच राशोलला, म्हणजे जुन्या रायतूरला. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाचे या कथेशी नाते जुने आहे. मात्र राशोल आडबाजूला असल्याने संग्रहालय जुने गोव्यात आणण्यात आले. पुढे मोठ्या नूतनीकरणासाठी ते बंद ठेवावे लागले व 2022 साली पुन्हा लोकांसाठी खुले झाले.

जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे रंगरंगोटी नव्हे. गोव्याच्या भिंती जांभ्या दगडाच्या. हा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे आणि जमिनीतील पाणी तो शोषून घेतो. चुन्याचा गिलावा भिंतीचे पावसापासून रक्षण करतो आणि आतील ओल हळूहळू बाहेरही सोडतो. त्याऐवजी सिमेंट थापले, तर ओल आतच कोंडते, क्षार साचतात आणि दगड भुसभुशीत होतो. गिलावा अजिबात नसला, तरी हानी टळत नाही. बॉम जेझू बॅसिलिकेचा गिलावा गेल्या शतकाच्या मध्यास काढण्यात आला. उघड्या पडलेल्या जांभ्याची पावसाने होणारी झीज रोखावी, असे आवाहन बॅसिलिकेच्या रेक्टरांना 2020 साली जाहीरपणे करावे लागले. संग्रहालयात तर लाकूड, हस्तिदंत, चांदी व भरजरी वस्त्रे असतात. भिंतीतील ओल आणि वाळवी ही त्यांची पहिली शत्रू.

या संग्रहातील चांदीचे एक पात्र अवश्य पाहावे. पृथ्वीगोलासारख्या आकारावर पेलिकन पक्षी बसला आहे. आपली छाती फोडून तो पिलांना रक्त पाजतो, अशी प्राचीन समजूत होती. म्हणून तो पवित्र साक्रामेंतातील प्रभू येशूचे प्रतीक ठरला. येथील वस्तू पाहताना जाणवते की, विषय ख्रिस्ती असला तरी घडवणारा हात पुष्कळदा याच मातीतला होता.

प्रार्थनेसाठी घडलेली वस्तू काचेमागे ठेवणे योग्य आहे का, हा प्रश्न श्रद्धावंतांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. याविषयी ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट आहे. उपासनेसाठी वापरणे शक्य नसलेले चर्च बिशप इतर कामासाठी देऊ शकतात, मात्र ते काम अशोभनीय नसावे, असे धर्मसंहितेचे कलम 1222 सांगते. मौल्यवान प्रतिमांची दुरुस्ती तज्ज्ञांच्या सल्ल्याने व अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीनेच करावी, असे कलम 1189 बजावते. 2001 साली व्हॅटिकनने चर्चच्या संग्रहालयांविषयी खास परिपत्रक काढले. अशी संग्रहालये म्हणजे निर्जीव वस्तूंची कोठारे नसून तीही ख्रिस्तसभेच्या प्रेषितकार्याचाच भाग आहेत, हा त्याचा गाभा होय. मठाच्या दारी येणारा अन्यधर्मीय पाहुणा कदाचित मिस्साला कधी जाणार नाही. पण पेलिकनचा अर्थ विचारील.

आपल्याकडे वसईच्या किल्ल्यातील चर्चेस 1739 नंतर ओस पडली आणि आज त्यांच्या छपरांच्या जागी आकाश दिसते. तो काळ आपल्या हाती नव्हता. पण आपल्या धर्मग्रामातील जुनी लाकडी वेदी, साक्रिस्तीच्या कपाटातील जरीचा झगा, माळ्यावर पडलेली संतांची मूर्ती यांचे काय करायचे, हे आपल्याच हाती आहे. त्यांची नोंद करावी, छायाचित्रे काढून ठेवावीत, नवा रंग देण्यापूर्वी जाणकारांना विचारावे. छत कोसळण्याआधी एकच फरशी सरकलेली असते, एकच कौल फुटलेले असते. ते ज्याला वेळेवर दिसते, तोच वारसा राखतो.