फिश बर्गरमधलं मीठ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, की अनेक घरांत पहिली गदा मासळीवर येते. समुद्रातला मासा, म्हणजे तो खारटच असणार, हा त्यामागचा समज. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात हे खरं. पण सुरमई, रावस असे मासे जादा क्षार कल्ल्यांवाटे आणि लघवीवाटे सतत बाहेर टाकत असतात. त्यांच्या १०० ग्रॅम ताज्या मांसात सोडियम साधारण ५० ते १०० मिलिग्रॅमच भरतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, एवढी आहे. मासळी बंद करण्याचं काहीच कारण नाही.

मग बर्गर खारट होतो कशाने? एका बनमध्येच दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम सोडियम असू शकतं. चीजची एक चकती जवळजवळ तेवढीच भर घालते, चमचाभर टोमॅटो केचप आणखी दीडशेची. चार टिक्क्यांच्या सारणात अर्धा चमचा मीठ पडलं, तर प्रत्येकीच्या वाट्याला अडीचशेच्या पुढे. म्हणून चीज आणि केचप वगळा, वरचा पाव काढून टाका आणि कोथिंबीर-लसणाची बिनमिठाची चटणी लावा. कपात इथे करायची.

‘मिठाशिवाय टिक्की तव्यावर फुटते’ ही तक्रार मात्र खोटी नाही. कच्च्या खिम्यात मीठ मिसळलं की माशातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि सारण बांधलं जातं. मीठ नसेल तर ते काम दुसऱ्या कशाने तरी करून घ्यावं लागतं. रावसाच्या तुकड्या वाफवा, पाणी निथळू द्या, काटे बोटांनी चाचपून काढा. एक उकडलेला बटाटा, एक अंडं, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, मिरपूड आणि भरपूर कोथिंबीर घाला. टिक्क्या थापून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग रव्यात घोळवून थोड्या तेलावर खरपूस करा. लिंबू तव्यावरून उतरल्यावर पिळा. गरम टिक्कीवरचा तो आंबटपणा मिठाची उणीव बरीच भरून काढतो.

आंबटपणासाठी कोकमाचं आगळ घालणाऱ्यांनी जपावं, कारण ते मीठ घालूनच टिकवलेलं असतं. सैंधवाचीही तीच गत. रंग गुलाबी असला तरी ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, आणि आयोडीन घातलेलं नसेल तर तोटा वेगळाच. बाजारातल्या तयार गोठवलेल्या टिक्क्यांमध्ये मीठ आधीच असतं; पाकिटामागचा सोडियमचा आकडा वाचल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं : ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ सर्वांना चालतं असं नाही. त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊन हृदयाची लय बिघडू शकते. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ वापरू नये.